स्टेशन, जिना आणि ओटा: ठाणेकरांसाठी रोजची हालचाल

आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम जोराची हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२० पासून त्यात सलग १० मिनिटांची अट नाही, तुकडे तुकडे केलेलीही धरतात. पहाटे उठून उपवनला जाणं ज्यांना जमतं त्यांचं ठीक. बाकीच्यांनी सुरुवात स्टेशनच्या वाटेवर करावी.

नौपाडा-चरईतल्या बऱ्याच घरांपासून स्टेशन किलोमीटरभर आहे. मिनिटाला १०० पावलांच्या वेगाने १३-१४ मिनिटं लागतात. जाऊन-येऊन, पाच दिवस, म्हणजे १३० ते १४०. वेग बरोबर आहे का ते असं ओळखा: बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. घोडबंदरहून येणाऱ्यांनी रिक्षा स्टेशनपर्यंत न नेता अलीकडे सोडावी. गर्दीच्या वेळी फारसा उशीरही होत नाही. सैल चपलेत बोटं चप्पल धरून ठेवतात आणि तळवे, पोटऱ्या दुखतात. चालायचे बूट घाला, ऑफिसचे ऑफिसातच ठेवा. लोकलमध्ये उभं राहणं मात्र यात धरू नका, तो त्रास आहे, व्यायाम नव्हे.

सगळ्यात जास्त फायदा जिन्यात आहे आणि घोळही तिथेच होतो. उत्साहात पहिल्याच दिवशी बारा मजले चढून-उतरून लोक दोन दिवस लंगडतात. याला कारण मुख्यतः उतरणं. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असताना शरीराचं वजन पेलतात, त्यामुळे जास्त दुखावतात. गुडघ्याच्या वाटीवरचा दाबही वाढतो. म्हणून चढायचं जिन्याने, उतरायचं लिफ्टने. पहिला आठवडा आपल्या मजल्याच्या दोन मजले आधी लिफ्टमधून बाहेर पडा. मग दर आठवड्याला एक मजला वाढवा. पूर्ण पाऊल पायरीवर टेकवा, कमरेतून किंचित पुढे झुका, गुडघा आत वळू देऊ नका. कठड्याला हात असू द्या, पण त्याला धरून अंग ओढू नका. टॉवरमध्ये जिन्याची दारं जिन्याच्या बाजूनेही उघडतात का, ते आधी बघून ठेवा.

स्नायूंच्या ताकदीसाठी आठवड्यातून दोन दिवस वेगळे लागतात, चालण्याने ते भागत नाही. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला हात टेकून टाचा उचला: दोन आकड्यांत वर, तीन आकड्यांत खाली, १२ वेळा, थोडं थांबून पुन्हा. झटके दिले तर पोटरीला काही काम उरत नाही. मालिकेच्या जाहिरातीत हात न टेकता खुर्चीतून १० वेळा उठा-बसा. ज्येष्ठांनी खुर्ची भिंतीला लावावी आणि ती चाकांची नसावी.

जेवणानंतर सोसायटीत १० मिनिटं शतपावली करा. चालणारे स्नायू रक्तातली साखर वापरतात. इन्सुलिन किंवा साखर फार उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी.

चढताना छातीत दाब आला, घाम फुटला किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा. गॅस म्हणून सोडून न देता लगेच दवाखाना गाठा.

पावसाळ्यात चालणं सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा व्हरांड्यात हलवा. ओल्या फरशीवर जिना नको. भिजलेल्या बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबले की बूट लवकर वाळतात.