एका जनुकाचा माग: आनुवंशिकी नव्याने शिकणाऱ्यांसाठी

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी जनुक, गुणसूत्र, ट्रान्सक्रिप्शन, ट्रान्सलेशन अशा व्याख्या एकामागून एक पाठ केल्या जातात आणि परीक्षा संपताच त्या विसरल्याही जातात. त्यामुळे मी विद्यार्थिनी असताना बीटा-ग्लोबिन हे एकच जनुक निवडले आणि त्याचा प्रवास कागदावर शेवटपर्यंत लिहून काढला. आज शिकवतानाही मी हाच मार्ग सुचवते.

हे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते आणि त्यापासून हिमोग्लोबिनमधील बीटा साखळी तयार होते. पेशीच्या केंद्रकात आरएनए पॉलिमरेज हे विकर डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एक धागा वाचत त्याला पूरक असा आरएनए जोडत जाते. त्यातील दोन इंट्रॉन, म्हणजे प्रथिनासाठी न लागणारे मधले तुकडे, कापून टाकले जातात आणि उरलेला संदेश केंद्रकाबाहेर रायबोसोमकडे, म्हणजे प्रथिन बनवणाऱ्या यंत्रणेकडे जातो. नवख्यांची सर्वाधिक फसगत होते ती दिशेच्या बाबतीत. धाग्याच्या दोन टोकांना ५′ आणि ३′ म्हणतात; डीएनएची अक्षरे ए, टी, जी, सी अशी असतात आणि आरएनएमध्ये टीऐवजी यू असतो. वाचल्या जाणाऱ्या धाग्यावर ३′ टोकाकडून टीएसी असेल, तर संदेशात ५′ टोकाकडून एयूजी येते. म्हणून प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांना ५′ आणि ३′ लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. ही सवय कंटाळवाणी असली तरी तिला पर्याय नाही.

आता संदेशाची सुरुवात तीन-तीन अक्षरांनी वाचावी: एयूजी, जीयूजी, सीएयू, सीयूजी, एसीयू, सीसीयू, जीएजी, जीएजी. अशी एकूण ६४ त्रिके संभवतात. त्यांपैकी ६१ त्रिके प्रथिनाचे घटक असलेल्या २० अमिनो आम्लांसाठी आणि उरलेली तीन थांबण्यासाठी असतात. हा तक्ता पाठ करण्याची गरज नाही, मात्र तो कसा उलगडला हे जरूर वाचावे. १९६१ मध्ये निरेनबर्ग आणि मथाई या शास्त्रज्ञांनी केवळ यू अक्षरांचा आरएनए पेशीरहित द्रावणात घातला, तेव्हा केवळ फेनिलअॅलनिन या अमिनो आम्लाची साखळी तयार झाली. पुढे हरगोविंद खुराना यांनी ठरावीक क्रमाचे आरएनए तयार करून अनेक त्रिकांचे अर्थ निश्चित केले आणि १९६८ च्या नोबेल पुरस्कारात ते सहभागी झाले.

वरच्या यादीतील पहिल्या जीएजीमधील ए च्या जागी यू लिहून पाहावा. जीयूजी झाले की ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. व्हॅलिन पाण्यापासून दूर राहू पाहते, त्यामुळे ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या विद्यार्थ्यांना सिकलसेल तपासणीची शिबिरे परिचयाची असतात. तो आजार याच एका अक्षराचा आहे. जुन्या पुस्तकांत हा बदल सहाव्या स्थानी, तर नव्या नोंदींत सातव्या स्थानी दिसतो. दोन्ही बरोबरच आहेत, कारण तयार साखळीतून एयूजीमुळे आलेले पहिले अमिनो आम्ल, मेथिओनिन, काढून टाकले जाते आणि जुनी मोजणी त्यानंतर सुरू होते.

यापुढचा सराव स्वतः करावा. त्याच जीएजीचे जीएए केल्यास प्रथिन बदलत नाही; पण त्यातील पहिला जी खोडला, तर तेथून पुढे एजीजी, एजीए, एजीयू अशी वेगळीच त्रिके पडतात आणि आर्जिनिन, आर्जिनिन, सेरिन असा क्रम येतो. एवढे स्वतःच्या हाताने लिहून झाल्यावरच जनुकांच्या नियंत्रणाचे प्रकरण उघडावे.