चित्राखाली ‘मोनोप्लेन’ लिहिण्याआधी

टपाल तिकिटांच्या प्रदर्शनाआधी आमच्या पेठेतली संग्राहक मंडळी आपली पानं मला दाखवायला आणतात. विषय विमानटपालाचा असला की एक गोष्ट हमखास दिसते. विमान जुनं असलं, त्याला सायकलची चाकं आणि पुढे लाकडी पंखा असला, की खाली ठोकून दिलेलं असतं: ‘मोनोप्लेन’. हा शब्द म्हणजे ‘जुनाट विमान’ नव्हे. परीक्षक इथे गुण कापतात आणि कापावेतच, कारण उत्तर चित्रातच असतं.

तेव्हा आधी मोजायचं. आपण ‘एकपंखी’ म्हणतो आणि लोकांना वाटतं, विमानाला तर डावा-उजवा असे दोन पंख असतात, मग एक कसा? इथे डावा आणि उजवा मिळून एकच धरायचा. वाड्याचे मजले मोजताना डावीकडच्या नि उजवीकडच्या खोल्या आपण वेगळ्या धरत नाही, तसंच. एकावर एक असे पंखांचे किती थर आहेत ते बघा. एक असेल तर मोनोप्लेन, दोन असतील तर बायप्लेन, तीन असतील तर ट्रायप्लेन.

थरच का मोजायचे, हे शब्दाच्या जन्मात आहे. ‘एरोप्लेन’ म्हणजे अख्खं विमान हा अर्थ नंतर रुळला. आधी इंग्रजीत तो शब्द हवेवर तरणाऱ्या पृष्ठभागासाठी, म्हणजे पंखासाठी, वापरत. राइट बंधूंना 22 मे 1906 रोजी मिळालेलं पेटंट उघडून बघा. त्यात उडणारं यंत्र वेगळं आणि त्याला उचलून धरणारी ‘एरोप्लेन्स’ वेगळी. त्यांच्या यंत्रात अशी दोन होती, एकावर एक. ग्रीक ‘मोनो’ म्हणजे एक. तेव्हा मोनोप्लेन म्हणजे ‘एकटं विमान’ नाही, ‘एका पृष्ठभागाचं’ विमान. इंग्रजीत हा शब्द 1907 च्या सुमारास दिसू लागला. फ्रेंच ‘मोनोप्लाँ’ म्हणत, आणि त्या काळातल्या फ्रेंच पिक्चर पोस्टकार्डांवर विमानाच्या नावाआधी हा शब्द छापलेला सापडतो. असं कार्ड हाती लागलं तर अंदाज बांधू नका, कार्ड वाचा.

शब्द घराघरात पोचवला लुई ब्लेरिओने. 25 जुलै 1909 रोजी त्याने आपल्या ‘ब्लेरिओ 11’ मधून इंग्लिश खाडी ओलांडली. तीन सिलिंडरचं, 25 अश्वशक्तीचं इंजिन आणि जेमतेम सदतीस मिनिटांचा प्रवास. या विमानाचं चित्र मात्र फसवं आहे. पंखांच्या वर आणि खाली तारांचं जाळं असतं आणि मागे आडवी शेपटी. नवखा माणूस शेपटीलाच दुसरा पंख समजतो. शेपटी मोजायची नाही.

याच तारांमुळे मोनोप्लेनवर काही काळ संशयही होता. बायप्लेनच्या दोन पंखांमध्ये दांड्या आणि तारा ताणल्या की हलकी पण ताठ पेटी तयार होते. एकट्या पातळ पंखाला तो आधार नाही. अपघात झाले आणि सप्टेंबर 1912 मध्ये ब्रिटिश युद्धखात्याने आपल्या लष्करी वैमानिकांना मोनोप्लेन उडवायला बंदी केली. काही महिन्यांनी ती उठली, पण धसका राहिला. म्हणून पहिल्या महायुद्धातली ब्रिटिश विमानं बहुतेक दोन थरांची दिसतात.

आता आपल्या पानांवर हटकून येणारी विमानं. 18 फेब्रुवारी 1911 रोजी अलाहाबादच्या प्रदर्शनातून नैनीला टपाल गेलं. आँरी पेके याने ते हंबर कंपनीच्या बायप्लेनमधून नेलं. त्याच कंपनीची मोनोप्लेनही त्या प्रदर्शनात होती, त्यामुळे कुठलाही हंबरचा फोटो पेकेच्या नावावर खपवू नका. 1929 ची आपली पहिली विमानटपाल तिकिटं, दोन आण्यांपासून बारा आण्यांपर्यंतची, त्यांवर डी हॅविलँड हर्क्युलिस आहे. तेही बायप्लेन.

खरी गंमत डी हॅविलँड कंपनीच्या ‘मॉथ’ विमानांच्या कुटुंबात आहे. जिप्सी मॉथ, टायगर मॉथ, फॉक्स मॉथ ही बायप्लेन. पुस मॉथ आणि लेपर्ड मॉथ ही मोनोप्लेन. जेआरडी टाटांनी 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणलं ते पुस मॉथमधून: बंद केबिन आणि माथ्यावर एकच पंख. 1982 मध्ये त्यांनी तोच प्रवास पुन्हा केला तेव्हा लेपर्ड मॉथ होतं. या उड्डाणाच्या पानावर टायगर मॉथचं चित्र चिकटवणारे महाभाग मी पाहिले आहेत. आडनाव एक म्हणून घराणं एक असं पुण्यात तरी कुणी धरत नाही!

काही चकवे अजून आहेत. पंख विमानाच्या अंगाला न चिकटता वर दांड्यांवर छत्रीसारखा उभा असेल तर त्याला पॅरासोल म्हणतात, पण ते मोनोप्लेनच. अमेरिकन शास्त्रज्ञ लँगलीच्या 1903 च्या उडत्या यंत्राला पंखांच्या दोन जोड्या आहेत, पण एकीमागे एक. ते बायप्लेन नाही. पहिल्या महायुद्धातल्या न्यूपोर्ट विमानांचा खालचा पंख अगदी अरुंद असतो, त्यांना ‘सेस्क्विप्लेन’, म्हणजे दीडपंखी म्हणतात. आणि ‘मोनोकॉक’ या शब्दाचा पंखांशी काही संबंध नाही. ते धडाच्या कवचाचं नाव आहे.

शब्द कुठे गाळायचा हेही सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर जवळपास सगळीच विमानं एका थराची झाली. लोहगावला उतरणारं प्रवासी विमान किंवा हडपसरचं ग्लायडर, दोन्ही व्याख्येने मोनोप्लेनच, पण तसं कुणी म्हणत नाही. बायप्लेन शेजारी असतील, तुलना करायची असेल, तेव्हाच शब्द वापरा. 1933 मध्ये हवाई दलाची पहिली तुकडी वापिती बायप्लेनवर उभी राहिली आणि 1941 मध्ये तिला लायसँडर मिळाली. तिथे ‘मोनोप्लेन’ लिहिण्यात अर्थ आहे.

लिहिताना ‘ते मोनोप्लेन’, ‘मोनोप्लेनचा पंख’ असं नपुंसकलिंगीच ठेवा, विमानासारखं. ओळ एवढीच पुरे: ‘डी हॅविलँड पुस मॉथ, मोनोप्लेन. कराची ते मुंबई, 15 ऑक्टोबर 1932.’ शिक्क्यातलं चित्र इतकं बारीक असेल की भिंगातूनही थर मोजता येत नाहीत, तर नुसतं ‘विमान’ लिहा. त्याला कुणी गुण कापत नाही.