अपूर्णांकाच्या तासाआधी एआयकडून काय मागावं

मी पाचवीला गणित शिकवते. चॅटजीपीटी किंवा जेमिनीला नुसतं "अपूर्णांकांचा पाठ तयार कर" म्हटलं, तर कुठल्याही वर्गाला चालेल असं काहीतरी गुळगुळीत मिळतं. म्हणून तास संपल्यावर मुलांना नेमकं काय करता यायला हवं, ते आधी आपण ठरवा आणि पहिल्याच वाक्यात लिहा.

मग चुका मागा. माझ्या मते एआयचा खरा उपयोग इथेच आहे. मी लिहिते: "पाचवीची मुलं १/२ + १/३ = २/५ करतात. याच गैरसमजातून येणारी चुकीची उत्तरं पर्यायांत घालून ५ प्रश्न दे. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे मुलाने काय विचार केला असेल, तेही सांग." आलेला एखादा प्रश्न फळ्यावर घ्या आणि मुलांनाच विचारा: २/५ तर अर्ध्याहून लहान, मग अर्ध्यात भर घालून ते कमी कसं झालं? एवढ्यावर वर्गात असा काही वाद रंगतो की मागच्या बाकावरची मुलंही पुढे येतात.

पिझ्झ्याऐवजी चतकोर भाकरी, पाव लिटर दूध अशी उदाहरणं मागा. अंश, छेद, समच्छेद या पाठ्यपुस्तकातल्या संज्ञाही कळवा. प्रत्येक उत्तर स्वतः सोडवून पाहा, कारण एआय चुकीचंही तितक्याच ठामपणे सांगतं. मुलांची नावं, गुण, घरची माहिती त्यात कधीच टाकू नका. वह्या मात्र मी स्वतःच तपासते; खाडाखोडीतूनच मूल कुठे अडलंय ते कळतं.