पुराच्या आठवड्यात घेतलेली डिस्क

कोल्हापुरात राहून डेटा सेंटरचं काम करता येतं का, असं दर वर्षी कॉलेजातून बाहेर पडलेली चार-दोन मुलं मला विचारतात. येतं. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीतल्या फाउंड्र्या, साखर कारखाने, सहकारी बँका, मोठी हॉस्पिटलं, यांच्या कुठल्यातरी खोलीत तीन-चार सर्व्हर चोवीस तास चालू असतात. आणि त्यांच्याकडे बघणारा माणूस बहुतेक ठिकाणी एकटाच असतो. गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत तो माणूस मी आहे. या कामात मी सगळ्यात जास्त शिकलो ते एका डिस्कमुळे. ती गोष्ट सविस्तर सांगतो, कारण हायपर-कन्व्हर्ज्ड क्लस्टरचा, म्हणजे एकत्र मिळून काम करणाऱ्या सर्व्हरच्या गटाचा, वेग कुठे अडतो आणि पैसा कुठे वाया जातो, हे दोन्ही तिच्यात आलं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. पूर्वी सर्व्हर वेगळे, स्टोरेजचा मोठा डबा वेगळा, त्यांना जोडणारे स्विच वेगळे, आणि प्रत्येकाचा एएमसीवाला (वार्षिक देखभालवाला) वेगळा असायचा. हायपर-कन्व्हर्ज्डमध्ये डिस्क सर्व्हरच्या पोटातच असतात आणि सॉफ्टवेअर सगळ्या सर्व्हरच्या डिस्क मिळून एकच साठा करतं. यातली न्यूटॅनिक्स ही कंपनी 2009 मध्ये सुरू झाली, व्हीएमवेअरचं व्हीसॅन 2014 मध्ये आलं, मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर 2016 मध्ये आपलं दिलं. आमच्याकडे प्रॉक्समॉक्स (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेले संगणक, चालवणारं) आणि त्यात सेफ (सगळ्या डिस्कचा एकच साठा करणारं) आहे. दोन्ही ओपन सोर्स, त्यामुळे छोट्या कंपनीला परवडणारं. तीन नोड, म्हणजे तीन सर्व्हर, प्रत्येकात चार एसएसडी (चिपवर लिहिणाऱ्या वेगवान डिस्क). प्रत्येक माहितीच्या तीन प्रती, एकेका नोडवर एकेक. म्हणजे विकत घेतलेल्या जागेपैकी वापरायला मिळते एक तृतीयांश. मालकांना हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगावं. नंतर कळलं तर फसवल्यासारखं वाटतं.

जुलै 2021 चा पूर इथल्या प्रत्येकाला आठवतो. राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ही धोका पातळी, आणि पंचगंगा तिच्या कितीतरी वर गेली होती. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली. आमचा प्लँट शहराच्या दक्षिणेला, त्यामुळे पाणी तिथपर्यंत आलं नाही, पण पुण्याहून काहीही येणं बंद झालं होतं. नेमक्या त्या दिवसांत रात्री दोनच्या सुमारास मोबाईलवर अलर्ट आला: दुसऱ्या नोडमधली एक डिस्क गेली.

डिस्क जाणं ही मोठी गोष्ट नाही, तीन प्रती त्यासाठीच असतात. पण सेफ गेलेल्या डिस्कची साधारण 10 मिनिटं वाट बघतं आणि मग तिच्यावरची माहिती उरलेल्या डिस्कवर पुन्हा बांधायला घेतं. तीन नोडच्या क्लस्टरमध्ये ही माहिती जाणार कुठे? बाकीच्या दोन नोडवर तिची एकेक प्रत आधीच आहे. त्यामुळे ती त्याच नोडच्या उरलेल्या तीन डिस्कवरच जाते. आमच्या डिस्क 70 टक्के भरलेल्या होत्या. चार डिस्कचा माल तीन डिस्कवर, म्हणजे 70 गुणिले चार भागिले तीन. उत्तर 93 टक्के. सेफमध्ये 85 टक्क्यांना इशारा येतो, 90 टक्क्यांना पुन्हा बांधली जाणारी माहिती त्या डिस्कवर घेणं थांबतं, आणि 95 टक्क्यांना सगळ्या क्लस्टरचं लिखाण बंद पडतं.

हा हिशोब मी त्या रात्रीपर्यंत कधी केला नव्हता. लॅपटॉपवर आकडा चढताना दिसत होता. 78, 81, 84. घाम फुटला होता. मालकांना फोन केला. ते जागेच होते, त्यांच्या बहिणीचं घर पाण्यात होतं. म्हणाले, "काय पुसायचं ते पूस, पण डिस्पॅच बंद पाडू नकोस." ईआरपीच्या (बिलं, स्टॉक, हिशोब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) जुन्या तीन टेस्ट मशीन आणि आठ-दहा महिन्यांपूर्वीचे विसरलेले स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जतन केलेली स्थिती) मी पुसले. पुसण्याआधी बॅकअप सर्व्हरवर त्यांची प्रत आहे ना, हे दोनदा पाहिलं. आकडा 80 च्या आसपास येऊन थांबला तेव्हा उजाडलं होतं आणि पाऊस तसाच कोसळत होता.

नवीन आलेल्यांनी हे गणित पहिल्याच आठवड्यात आपल्या क्लस्टरवर करून बघावं. एक डिस्क गेली तर बाकीच्या किती भरतील? एक नोड गेला तर? कपॅसिटी सांगताना लोक एकूण टीबी सांगतात. मी आता फक्त "एक गेल्यावर उरते ती जागा" सांगतो. आमच्यासाठी ती मर्यादा 60 टक्के ठरली. वर गेलं की नवीन व्हर्च्युअल मशीन देत नाही, मग मागणारा कोणीही असो.

आता त्या डिस्कची दुसरी बाजू. सकाळी राजारामपुरीत ओळखीच्या दुकानात गेलो. त्यांच्याकडे होती ती साधी, लॅपटॉपमध्ये घालतात तसली एसएसडी. तेवढ्याच क्षमतेची, किंमतही कमी. मी ती आणून बसवली, क्लस्टर हिरवा झाला, आणि महामार्ग सुरू झाल्यावर मूळ प्रकारची डिस्क मागवून ही काढायची असं ठरवलं. ते मागवणं राहून गेलं. हिरवं दिसत होतं म्हणून राहिलं.

दिवाळीनंतर तक्रारी सुरू झाल्या. महिनाअखेरीला इनव्हॉइस सेव्ह करताना चक्र फिरत राहायचं. वजनकाट्यावरचे मामा फोन करायचे, "साहेब, गाडी काट्यावर उभी हाय, पावती निघंना." मागे ट्रकांची रांग. सप्लायरच्या इंजिनिअरने येऊन पाहिलं आणि चौथा नोड घ्या म्हणून कोटेशन दिलं. रक्कम काही लाखांत होती. मालक सही करायला तयारही होते. त्यांनी मला एवढंच विचारलं, "चौथं मशीन आलं की ट्रक थांबायचा बंद होईल न्हवं?" मला हो म्हणता येईना, कारण ट्रक कशामुळे थांबतो हे मला माहीत नव्हतं. पंधरा दिवस मागून घेतले.

सीपीयू पाहिला, तो 30 टक्क्यांच्या वर जात नव्हता. रॅम पुरेशी. सरासरी लेटन्सी (एका लिखाण-वाचनाला लागणारा वेळ) थोडी वाढलेली, पण भयंकर नाही. इथे मी चार दिवस अडकलो. सरासरीने मला फसवलं होतं. मग सेफची 'ओएसडी पर्फ' ही कमांड महिनाअखेरीच्या गर्दीत चालवली. ती प्रत्येक डिस्कला लिखाण पक्कं करायला किती मिलिसेकंद लागतात ते दाखवते. अकरा डिस्कसमोर 1, 2, 1, 1, 2. बाराव्या डिस्कसमोर 74. कुठली डिस्क ते बघायला नोडपर्यंत जायची गरजच नव्हती, मला कळलं होतं.

सेफमध्ये लिखाण झालं असं तेव्हाच म्हणतात जेव्हा तिन्ही प्रती पक्क्या होतात. त्यामुळे तिघांत जो सगळ्यात सावकाश त्याचाच वेग सगळ्यांना मिळतो. ऊस हंगामात अरुंद रस्त्यावर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढे असला की मागची नवी गाडीही त्याच वेगाने जाते, तसं. दुसऱ्या नोडमध्ये चार डिस्क, म्हणजे साधारण चारातलं एक लिखाण त्या डिस्कच्या वाट्याला. बाकी तीन झटकन होत होती, म्हणून सरासरी बरी दिसत होती. पण एक इनव्हॉइस सेव्ह करायला डेटाबेस बरीच छोटी लिखाणं एकामागून एक करतो. त्यातलं एखादं तरी तिथे अडकणारच. म्हणून सरासरीवर थांबू नका. शंभरातलं सगळ्यात वाईट एक किती वेळ घेतं ते बघा.

साधी एसएसडी इतकी का अडते? डेटाबेस दर वेळी म्हणतो, आता डिस्कवर खरंच पक्कं कर, मगच पुढे जाऊ. सर्व्हरच्या एसएसडीमध्ये छोटे कपॅसिटर असतात. वीज गेली तरी कॅशमधलं (डिस्कच्या तात्पुरत्या साठ्यातलं) लिहून पूर्ण करण्याइतकी ऊर्जा त्यांत असते, म्हणून ती डिस्क कॅशमध्ये आलं की लगेच "झालं" म्हणते. याला पॉवर लॉस प्रोटेक्शन म्हणतात. साध्या एसएसडीत ते नसल्याने प्रत्येक वेळी तिला खालच्या चिपपर्यंत लिहावं लागतं. मी ती डिस्क क्लस्टरमधून काढून एफआयओने (डिस्कचा वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमने) तपासली. 4 केबीची लिखाणं, एका वेळी एक, प्रत्येक पक्कं करून. सेकंदाला 400 च्या आसपास आली. आमच्या मूळ प्रकारच्या डिस्कवर हीच चाचणी 15,000 च्या घरात जाते. खोक्यावर दोन्हींचा वेग जवळजवळ सारखा छापलेला असतो, कारण तो आकडा वेगळ्याच प्रकारच्या चाचणीचा असतो.

डिस्क बदलली. त्या महिनाअखेरीला मामांचा फोन आला नाही. चौथ्या नोडचं कोटेशन बाजूला ठेवलं आणि मालकांना पूर्ण गोष्ट सांगितली, डिस्क मीच आणली होती हेही. ते रागावले नाहीत. म्हणाले, "आता हे लिहून ठेव." त्या वहीतूनच आज हे लिहितोय.

त्या पंधरा दिवसांत मोजायची सवय लागली, आणि मग बाकीच्या गोष्टीही सापडत गेल्या. ईआरपीच्या मशीनला कोणीतरी 16 व्हीसीपीयू (व्हर्च्युअल प्रोसेसर) दिले होते. महिनाभर नोंद ठेवली, कधीही चारपेक्षा जास्त लागले नव्हते. सहावर आणले, काही बिघडलं नाही, उलट शेजारच्या मशीन हलक्या झाल्या. प्रोसेसरमधल्या कोरची (स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांची) संख्या आता थेट पैशाशी बांधलेली आहे. विंडोज सर्व्हरचं लायसन्स कोरवर असतं आणि एका सर्व्हरला किमान 16 कोर धरतात. व्हीएमवेअर ब्रॉडकॉमकडे नोव्हेंबर 2023 मध्ये गेली, डिसेंबरात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबली, आणि तिथेही प्रति कोर सबस्क्रिप्शन आहे, एका प्रोसेसरमागे किमान 16 कोरचं. म्हणून सर्व्हर घेताना कोटेशनमध्ये जास्त कोरचा प्रोसेसर दिसला की खूश होऊ नका. ईआरपीसारख्या कामाला कमी कोर आणि जास्त गिगाहर्ट्झ बहुधा जास्त उपयोगी पडतात, आणि लायसन्सचं बिलही त्याच हिशोबाने येतं.

नेटवर्कबद्दल थोडक्यात. 10 गिगाबिटची लाईन सेकंदाला सव्वा जीबी नेते. चांगली एनव्हीएमई डिस्क (आणखी वेगवान प्रकारची एसएसडी) एकटी त्याच्या दुप्पट वाचू शकते. त्यामुळे मोठ्या फायलींच्या वेगासाठी महागड्या एनव्हीएमई घ्यायच्या आणि स्विच जुनाच ठेवायचा, यात पैसे अडकतात. एमटीयू (नेटवर्कवर एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त किती बाइट जातात तो आकडा) 9000 केला असेल तर 8972 बाइटचं पिंग (जोडणी तपासणारा संदेश), तुकडे न करण्याची अट घालून, प्रत्येक नोडवरून प्रत्येक नोडला मारून बघा. एक पोर्ट जरी 1500 वर राहिला तरी विचित्र, कधीमधी येणारे त्रास होतात आणि शोधायला आठवडा जातो. रॅमचा हिशोब करताना सेफच्या प्रत्येक डिस्कमागे 4 जीबी बाजूला काढा, ती व्हर्च्युअल मशीनना वाटू नका.

बॅकअपची वेळ हा आमच्याकडचा खास मुद्दा होता. पुस्तकात लिहिलेलं असतं, रात्री घ्या. पण रात्री वीज स्वस्त पडायची म्हणून फाउंड्रीच्या भट्ट्या रात्रीच पेटायच्या, आणि दहानंतर शॉपफ्लोअरच्या नोंदी सगळ्यात जास्त. आमचा बॅकअप आता पहाटे साडेपाचला, शिफ्ट बदलायच्या आधी चालतो. तुमच्या कारखान्याचा दिवस कधी सुरू होतो ते सुपरवायझरला विचारा. आणि तीन प्रती म्हणजे बॅकअप असं कोणी म्हणालं तर शांतपणे समजावा: चुकून पुसलेली फाईल तिन्ही प्रतींतून एकाच क्षणी पुसली जाते.

खोलीचं तापमान आम्ही 18 वरून 24 अंशांवर आणलं. सर्व्हरच्या पुढून आत जाणारी हवा 18 ते 27 अंशांत असावी असं अशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संघटनेचं मार्गदर्शन आहे, त्यामुळे 18 चा हट्ट म्हणजे नुसतं बिल. फाउंड्रीतली काळी धूळ मात्र दर पंधरा दिवसांनी फिल्टरमधून काढावीच लागते. ती साचली की फॅन जोरात फिरतात, आणि फॅनचा वेग थोडा वाढला तरी त्याची वीज झपाट्याने वाढते.

शिकायचं कसं, हे शेवटी. प्रॉक्समॉक्स फुकट उतरवता येतं. तीन जुने डेस्कटॉप, प्रत्येकात दोन जास्तीच्या डिस्क आणि एक साधा स्विच मिळवा. तिघा मित्रांनी मिळून केलं तर फार खर्च नाही. क्लस्टर उभा करणं एका रविवारचं काम आहे. त्यानंतरचे रविवार तो मोडण्यात घालवा. चालू असताना डिस्कची केबल काढा आणि दहा मिनिटं घड्याळ लावून बघत बसा. एक नोड बंद करा. साठा मुद्दाम 85 टक्क्यांपर्यंत भरा. एफआयओची तीच चाचणी तुमच्या प्रत्येक डिस्कवर करून आकडे वहीत लिहा. माझ्याकडे मुलाखतीला आलेल्याला मी एवढंच विचारतो: तुझ्या क्लस्टरमधली एक डिस्क गेली, बाकीच्या किती टक्के भरल्या? ज्याने केबल काढून पाहिली आहे तो लगेच पेन मागतो.

चौथा नोड आम्ही पुढे 2023 मध्ये घेतलाच, पण वेगासाठी नव्हे. एखादा अख्खा नोड गेला आणि महामार्ग पुन्हा बंद झाला, तर तिसरी प्रत बांधायला जागा हवी म्हणून. त्याच खरेदीत दोन जास्तीच्या डिस्कही मागवल्या, चाचणी करून आकडा चिठ्ठीवर लिहिला आणि सर्व्हर रूमच्या कपाटात ठेवल्या. दर वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आधी, मी त्या काढून पुन्हा तपासतो.