ऑल्ट टेक्स्ट कसा लिहावा: वाचकाचा आणि शोधनिकालांचा विचार

वेबसाइटवर चित्र चढवताना ‘ऑल्ट टेक्स्ट’ असे लिहिलेली एक छोटी चौकट समोर येते. चित्र दिसत नसेल तेव्हा त्याच्या जागी वाचता येईल असा पर्यायी मजकूर तिच्यात लिहिणे अपेक्षित असते. प्रत्यक्षात ही चौकट एक तर रिकामी सोडली जाते, नाहीतर पान ज्या शब्दांवर सापडावे असे वाटते ते सगळे शब्द तिच्यात कोंबले जातात. दोन्ही प्रकारांत वाचकाचे नुकसान होते आणि शोधनिकालांतही फारसे काही हाती लागत नाही. चित्राच्या जागी उभे राहू शकेल असे प्रामाणिक वाक्य लिहिले, तर मात्र दोन्ही कामे एकाच वेळी होतात. असे वाक्य कसे लिहावे, हे येथे पाहू.

ऑल्ट टेक्स्ट तीन ठिकाणी उपयोगी पडतो. काही कारणाने चित्र उतरले नाही, तर ब्राउझर त्याच्या जागी हा मजकूर दाखवतो. अंध किंवा अल्पदृष्टी असलेले वाचक स्क्रीन रीडर वापरतात, तेव्हा तो मजकूर मोठ्याने वाचला जातो. आणि सर्च इंजिनचा क्रॉलर (पाने आपोआप वाचत फिरणारा प्रोग्राम) पान वाचतो, तेव्हा चित्राचा विषय समजून घेण्यासाठी तो या मजकुराचा आधार घेतो. या तिन्हींचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. डिसेंबर १९९७ मध्ये आलेल्या एचटीएमएल ४.० या मानकाने (एचटीएमएल म्हणजे वेबपाने लिहिण्याची भाषा) प्रतिमेच्या टॅगला, म्हणजे पानावर चित्र आणणाऱ्या खुणेला, ऑल्ट देणे आवश्यक ठरवले, १९९९ मध्ये वेब सुगम्यतेच्या (अपंग वाचकांनाही वेबसाइट वापरता यावी यासाठीच्या) डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक तत्त्वांनी दृश्य आशयाला मजकुराचा पर्याय देण्याची अपेक्षा अगदी आरंभी नोंदवली, आणि गूगलचा प्रतिमाशोध त्यानंतर, २००१ मध्ये सुरू झाला. म्हणजे ही सोय मुळात वाचकासाठी केलेली आहे आणि सर्च इंजिनांनी तिचा लाभ नंतर घेतला. म्हणून लिहिताना आधी वाचक डोळ्यांसमोर ठेवावा.

गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शनानुसार चित्राचा विषय ठरवताना ऑल्ट टेक्स्ट, चित्रातील गोष्टी ओळखणारे संगणकीय दृष्टीचे अल्गोरिदम आणि पानावरचा मजकूर या सर्वांचा एकत्रित विचार होतो. केवळ ऑल्टच्या बळावर पान वर चढेल, अशी अपेक्षा ठेवू नये. मात्र पान आणि चित्र एकाच विषयाबद्दल बोलत असतील, तर चांगला ऑल्ट टेक्स्ट तो संबंध स्पष्ट करतो, आणि प्रतिमाशोधातून येणाऱ्या वाचकांच्या बाबतीत ही स्पष्टता विशेष मोलाची असते.

चित्र या पानावर कशासाठी आहे?

लिहायला बसण्यापूर्वी ‘या चित्रात काय दिसते’ यापेक्षा ‘हे चित्र या पानावर कशासाठी घेतले’ असा प्रश्न विचारावा. एकच छायाचित्र घेऊन हे पाहता येईल. एक स्त्री सायकल उलटी ठेवून तिची साखळी मागच्या दातेरी चाकावर चढवत आहे, असे ते छायाचित्र आहे असे समजा. सायकलदुरुस्ती शिकवणाऱ्या पानावर त्याचा ऑल्ट ‘उलट्या ठेवलेल्या सायकलची साखळी बोटांनी उचलून मागच्या दातेरी चाकावर बसवली जात आहे’ असा असावा, कारण तेथे वाचकाला कृती समजून घ्यायची आहे. हेच छायाचित्र दुरुस्तीच्या व्यवसायातील स्त्रियांवरील लेखात असेल, तर ‘कार्यशाळेत सायकलची साखळी चढवणारी महिला कारागीर’ हे अधिक योग्य ठरेल. आणि सायकलचा तो नमुना विकणाऱ्या पानावर रंग, चौकटीचा प्रकार आणि नमुन्याचे नाव यांना महत्त्व येईल, साखळी चढवणारे हात दुय्यम ठरतील. तीनही वाक्ये खरी आहेत, पण एका पानाचे वाक्य दुसऱ्या पानावर निरुपयोगी आहे. त्यामुळे चित्रसंग्रहात एकदा लिहिलेला ऑल्ट सगळीकडे जसाच्या तसा वापरण्याची सवय टाळावी.

चाचणी म्हणून एक जुना उपाय अजूनही सर्वांत चांगला वाटतो. ते पान आपण दूरध्वनीवरून कोणाला तरी वाचून दाखवत आहोत अशी कल्पना करावी. चित्रापाशी पोहोचल्यावर आपण सहज जे सांगू, बहुधा तेच लिहावे. दूरध्वनीवर कोणी ‘सायकल, सायकल दुरुस्ती, स्वस्त सायकल दुरुस्ती, उत्तम सायकल’ असे म्हणत नाही. तसेच ‘पार्श्वभूमीला राखाडी भिंत असून तिच्यावर तीन खिळे आहेत’ असेही सांगत नाही, कारण त्या भिंतीचा विषयाशी काही संबंध नसतो.

‘चित्र’, ‘फोटो’, ‘प्रतिमा’ अशा शब्दांनी सुरुवात करण्याची गरज नाही, कारण स्क्रीन रीडर प्रतिमा आल्याचे स्वतःच सांगतो. माध्यमालाच अर्थ असेल तेथे मात्र ते अवश्य सांगावे: जलरंगातील चित्र, क्ष-किरण प्रतिमा, हस्तलिखित नकाशा किंवा व्यंगचित्र यांच्या बाबतीत ही माहिती वाचकाला हवी असते. व्यक्तींबद्दल लिहिताना वय, समाज किंवा शारीरिक स्थिती यांचा अंदाज बांधू नये. ती माहिती विषयाला आवश्यक असेल आणि खात्रीची असेल, तरच द्यावी.

लांबीबद्दल १२५ अक्षरांचा एक नियम वारंवार सांगितला जातो. एचटीएमएलच्या मानकात अशी कोणतीही मर्यादा नाही. तरीही साधारणपणे एक आटोपशीर वाक्य पुरते आणि ते ऐकायलाही सोपे जाते. सर्वांत महत्त्वाचा तपशील आरंभी ठेवावा, म्हणजे ऐकणाऱ्याला मध्येच पुढे जायचे असेल तर काही गमवावे लागत नाही.

कीवर्डचे काय?

पानाचा मुख्य विषय आणि चित्राचा विषय खरोखर एक असेल, तर कीवर्ड, म्हणजे पान ज्या शब्दावर सापडावे असे वाटते तो शब्द, वाक्यात आपोआप येतो. साखळी बदलण्याच्या पानावरील प्रत्येक उपयुक्त वर्णनात ‘सायकलची साखळी’ हे शब्द कुठे ना कुठे येणारच. ते मुद्दाम चिकटवावे लागत असतील, तर चित्र त्या विषयाचे नाही असे समजावे आणि ऑल्टऐवजी चित्रच बदलण्याचा विचार करावा. गूगलने ऑल्टमध्ये शब्दांची भरताड करू नये असे स्पष्ट सांगितले आहे, आणि अशी भरताड त्याच्या स्पॅमविषयक धोरणांतही मोडते. एका पानावर दहा चित्रे असतील आणि दहाही ठिकाणी एकच वाक्यांश लिहिलेला असेल, तर स्क्रीन रीडर वापरणाऱ्या वाचकाला ते सारखे शब्द दहा वेळा ऐकावे लागतात. प्रत्येक चित्र वेगळी पायरी दाखवत असेल, तर प्रत्येक ऑल्टमध्ये ती पायरी यावी. त्यातून पानाच्या विषयाशी निगडित शब्दांची विविधताही आपसूक येते.

जेथे काहीच लिहू नये

सुगम्यतेच्या दृष्टीने सर्वाधिक गोंधळ येथे होतो. पानावरची नक्षीदार रेघ, पार्श्वभूमीचा ठिपका, मजकुराशेजारी केवळ शोभेसाठी ठेवलेले पान किंवा ढग, यांना सांगण्यासारखे काही नसते. अशा चित्रांना ऑल्ट द्यावा, पण तो रिकामा असावा; म्हणजे एचटीएमएलमध्ये alt="" असे, दोन अवतरणचिन्हांच्या मध्ये काहीही लिहिलेले नसावे. स्क्रीन रीडर असे चित्र ओलांडून पुढे जातो. ऑल्ट हा गुणधर्म संपूर्णपणे वगळणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तसे केल्यास काही स्क्रीन रीडर चित्राच्या फाइलचे नाव वाचू लागतात आणि वाचकाच्या कानी निरर्थक अक्षरे व आकडे पडतात. रिकामा ऑल्ट हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो, तर ऑल्टच नसणे हा बहुधा दुर्लक्षाचा परिणाम असतो. शोभेच्या चित्रांत कीवर्ड भरून जागा साधून घेण्याचा मोह होतो, पण वाचकाला त्याचा केवळ अडथळा होतो.

चित्र हाच दुवा किंवा बटण असेल, तेव्हा नियम उलटतो. तेथे चित्राचे रूप सांगू नये, त्याचे काम सांगावे. भिंगाच्या चिन्हाचा ऑल्ट ‘भिंग’ असा लिहिला तर ऐकणाऱ्याला काही कळत नाही; ‘शोधा’ असे लिहिले की काम होते. संस्थेचे बोधचिन्ह मुख्य पानाकडे नेत असेल, तर संस्थेचे नाव आणि ‘मुख्य पान’ एवढे पुरते. सर्च इंजिनच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचे आहे, कारण चित्राचा दुवा केला असता गूगल त्याचा ऑल्ट दुव्याच्या मजकुरासारखा धरते. दुवा कोठे नेतो हे त्यातून समजले पाहिजे. मात्र चित्राशेजारी त्याच दुव्यात तेच शब्द आधीच लिहिलेले असतील, तर ऑल्ट रिकामा ठेवावा, नाहीतर तेच दोनदा वाचले जाते.

आलेख आणि तक्ते यांचे ओझे एका वाक्यावर टाकू नये. ऑल्टमध्ये आलेखाचा प्रकार आणि त्यातून निघणारा मुख्य निष्कर्ष सांगावा, आणि प्रत्यक्ष आकडे पानावरच परिच्छेदात किंवा खऱ्या तक्त्यात द्यावेत. हा मजकूर सगळ्यांनाच वाचता येतो आणि सर्च इंजिनलाही मिळतो. चित्रातच अक्षरे कोरलेली असतील, उदाहरणार्थ सूचनाफलक किंवा जाहिरात, तर ती अक्षरे ऑल्टमध्ये शब्दशः यावीत. शक्य असेल तेथे असा मजकूर चित्राऐवजी थेट पानावर टाइप करणे उत्तम, कारण तो निवडता, मोठा करता आणि भाषांतरित करता येतो.

मराठी पानावर ऑल्टही मराठीतच लिहावा. पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषा मराठी अशी नोंदवलेली असेल, तर स्क्रीन रीडर त्या भाषेचा आवाज निवडू शकतो. तशा पानावर मध्येच इंग्रजी ऑल्ट आला, तर त्याचा उच्चार विचित्र होण्याची शक्यता असते, आणि मराठीत शोध घेणाऱ्या वाचकापर्यंत ते चित्र पोहोचण्यासही त्याची मदत होत नाही.

भोवतालच्या बाबी

फाइलला अर्थपूर्ण नाव द्यावे. चित्र त्याच्याशी संबंधित मजकुराजवळ ठेवावे. चित्राखालची ओळ आणि ऑल्ट एकमेकांची नक्कल नसावीत. चित्राखालची ओळ सर्वांना दिसते, म्हणून तिच्यात संदर्भ, तारीख किंवा श्रेय द्यावे, आणि ऑल्टमध्ये दृश्य सांगावे. टायटल हा वेगळा गुणधर्म आहे. तो बहुधा माउस चित्रावर नेल्यावर दिसतो आणि ऑल्टची जागा घेत नाही. महत्त्वाचे चित्र सीएसएसमधून (पानाची मांडणी आणि रंगरूप ठरवणाऱ्या भाषेतून) पार्श्वभूमी म्हणून लावू नये, कारण गूगल अशी चित्रे प्रतिमाशोधासाठी नोंदवत नाही आणि त्यांना ऑल्टही देता येत नाही. हाताने एचटीएमएल लिहिणाऱ्यांनी ऑल्टच्या वाक्यात दुहेरी अवतरणचिन्ह टाळावे, कारण तेथेच गुणधर्म संपल्याचे ब्राउझर समजतो आणि उरलेले वाक्य हरवते.

वेबसाइट चालवण्यासाठी वर्डप्रेस ही प्रणाली वापरणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. तिच्या मीडिया लायब्ररीत, म्हणजे चढवलेल्या चित्रांच्या संग्रहात, ऑल्ट बदलला, तरी आधीच लेखांमध्ये घातलेल्या चित्रांचा ऑल्ट सर्वसाधारणपणे बदलत नाही, कारण चित्र घालताना तो मजकूर लेखात उतरवला जातो. जुन्या लेखांतील दुरुस्ती त्या त्या लेखात जाऊन करावी लागते.

यंत्राकडून ऑल्ट लिहून घेण्याची सोय आता अनेक ठिकाणी आहे. फेसबुकने अशी स्वयंचलित वर्णने २०१६ मध्येच सुरू केली होती. वर उल्लेखलेल्या छायाचित्रात सायकल आणि स्त्री आहे, हे यंत्र सांगू शकेल, पण ते चित्र आपण त्या पानावर का घेतले, हे आपल्यालाच ठाऊक असते. यंत्राचे वाक्य कच्चा मसुदा म्हणून घ्यावे आणि प्रत्येक वाक्य स्वतः वाचून दुरुस्त करावे.

जुनी आणि मोठी वेबसाइट सुधारायची असेल, तर सगळी चित्रे एकदम हाती घेऊ नयेत. आधी दुवे आणि बटणे असलेली चित्रे पाहावीत, कारण तेथे ऑल्ट नसेल तर वाचकाची वाटच अडते. त्यानंतर सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या पानांवरील आकृत्या, आलेख आणि उत्पादनांची छायाचित्रे घ्यावीत. शोभेच्या चित्रांचा प्रश्न बहुतेकदा टेम्प्लेटमध्ये (पानांच्या सामाईक साच्यात) एकाच ठिकाणी बदल करून सुटतो. लाइटहाउससारखे पाने तपासणारे साधन ऑल्ट नसलेली चित्रे दाखवते, पण लिहिलेले वाक्य उपयुक्त आहे की नाही, हे त्याला ठरवता येत नाही. त्यासाठी एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर सुरू करून जी हे अक्षर दाबत एकेका चित्रावर जावे आणि डोळे मिटून ऐकावे. कोठे अडखळायला होते, ते लगेच कळते.

परिणाम पाहण्यासाठी सर्च कन्सोल या वेबसाइटचालकांसाठीच्या गूगलच्या साधनाच्या कामगिरी अहवालात शोधाचा प्रकार ‘प्रतिमा’ असा निवडावा. त्यातून कोणत्या शब्दांवर चित्रे दिसली आणि कोणत्या पानांना भेटी मिळाल्या, हे समजते. बदल नोंदवले जाण्यास वेळ लागतो, म्हणून पूर्वीच्या आणि नंतरच्या काही आठवड्यांची तुलना करावी. एखाद्या पानावरील चित्रे असंबद्ध शब्दांवर दिसत असतील, तर ऑल्टबरोबरच भोवतालचा परिच्छेदही तपासावा. आणि पानावरचे चित्र बदलताना त्याचा ऑल्टही त्याच वेळी नव्याने लिहावा, कारण बदललेल्या चित्राखाली राहून गेलेला जुना मजकूर बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही, ऐकणाऱ्याला मात्र तो चुकीची माहिती देत राहतो.