गुडघ्याजवळच्या हाडात सिस्ट निघाली तर: सुईवाल्या ऑपरेशनची तयारी आणि नंतरची काळजी

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलाच्या, तेव्हा तो ११ वर्षांचा होता, नडगीच्या हाडात गुडघ्याच्या जरा खाली सिस्ट, म्हणजे पाण्याने किंवा रक्ताने भरलेली पोकळी, निघाली. तेव्हा काय करायचं हे नीट सांगणारं कोणी भेटलं नाही, म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाहीये, पण फाइल घेऊन इतके हेलपाटे घातलेत की दुसऱ्या आईबाबांचे थोडे तरी वाचावेत असं मनापासून वाटतं.

आधी दुखण्याचं. आम्हाला पहिल्या डॉक्टरांनी वाढीचं दुखणं म्हणून मलम दिलं आणि त्यात दोन महिने गेले. वाढीचं दुखणं बहुतेक दोन्ही पायांना असतं, सकाळी पोरगं परत उड्या मारत असतं. एकाच पायात, एकाच जागी दुखतंय, सूज आहे, लंगडतोय, रात्री दुखून जाग येतेय, तर एक्स-रे मागूनच घ्या. आणि तोवर मालिश, हाडवैद्याकडे ओढणं-चोळणं बिलकुल नको, सिस्टमुळे हाड आतून पोकळ झालेलं असतं, साध्या धक्क्यानेही मोडू शकतं.

सिस्ट म्हटलं की सगळे एकच समजतात पण तसं नाहीये. साध्या सिस्टमध्ये पिवळसर पाणी असतं, ती जास्त करून दंडाच्या वरच्या टोकाला नाहीतर खुब्याजवळ होते, गुडघ्याजवळ कमी. दुसरी अ‍ॅन्युरिझमल, तिच्यात रक्ताने भरलेले कप्पे असतात, गुडघ्याच्या वरचं-खालचं हाड ही तिची नेहमीची जागा, एमआरआयमध्ये कप्प्यांत रक्ताचे थर बसलेले दिसतात. आमची ही दुसरी. तिसरं म्हणजे पडल्यावर सहज काढलेल्या एक्स-रेमध्ये दिसणारा नॉन-ऑसिफाइंग फायब्रोमा, म्हणजे हाडातली कॅन्सर नसलेली एक साधी गाठ, तो लहान असेल तर काहीच करायचं नसतं, वयाबरोबर आपोआप भरतो, त्यासाठी कोणी घाईने ऑपरेशन सांगत असेल तर दुसरं मत घ्या. मोठ्या माणसांत झिजलेल्या गुडघ्यात कूर्चेखाली ज्या सिस्ट दिसतात त्यांचा मुद्दाच वेगळा, तिथे उपचार झिजेवर असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बायोप्सी, म्हणजे आतला तुकडा काढून तपासणं. हाडाच्या कॅन्सरचा एक प्रकार, टेलॅन्जिएक्टॅटिक ऑस्टिओसार्कोमा, एमआरआयमध्ये हुबेहूब अ‍ॅन्युरिझमल सिस्टसारखा दिसू शकतो. तरुण माणसात जायंट सेल ट्यूमर नावाची हाडाची गाठही गुडघ्याजवळच होते. म्हणून आमच्यासारख्या सिस्टमध्ये तुकडा तपासल्याशिवाय आत औषध सोडायला किंवा खरवडायला हो म्हणू नका, कितीही छोटं ऑपरेशन असलं तरी. बायोप्सीची सुई कुठून घालायची हेसुद्धा पुढचं ऑपरेशन करणाऱ्यानेच ठरवलेलं बरं, त्यामुळे हाडाच्या गाठींचं काम करणारा ऑर्थोपेडिक सर्जन शोधा. मुंबईत परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये यासाठी वेगळा विभाग आहे. जिथे बायोप्सी होईल तिथून स्लाइड (तपासलेल्या काचपट्ट्या) आणि ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) दोन्ही मागून घ्या, दुसरीकडे दाखवायला लागतात.

लोक विचारतात दुर्बिणीतून होईल का. मुलांच्या या सिस्टमध्ये बहुतेक वेळा दुर्बीण नसतेच, सी-आर्म म्हणजे चालू एक्स-रेवर बघत बघत जाड सुई हाडात घालतात. साध्या सिस्टमध्ये आतलं पाणी काढून स्टेरॉइड सोडतात, ही पद्धत इटलीच्या स्कालिएत्ती यांनी १९७० च्या दशकात आणली. अ‍ॅन्युरिझमलमध्ये पॉलिडोकॅनॉल सोडतात, हे पायाच्या फुगलेल्या शिरांसाठी वापरतात तेच औषध, दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये ७२ पेशंटचा अनुभव छापला होता आणि निकाल खूप चांगले होते. औषधाच्या आधी रंगद्रव्य सोडून बघतात, ते शिरेत पळत असेल तर औषध तिथे सोडत नाहीत. एका वेळेत भागत नाही, काही आठवड्यांच्या अंतराने परत परत करावं लागतं, आमच्या तीन वेळा झाल्या, तेव्हा मनाची आणि पैशाची तयारी तशीच ठेवा. जन आरोग्य योजनेत बसतं का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

दुसरा मार्ग म्हणजे छोट्या छेदातून आतलं अस्तर खरवडून पोकळीत हाडाचा चुरा किंवा कॅल्शियम सल्फेटच्या गोळ्या भरणं. गोळ्या विरघळताना जखमेतून पातळ पाणी येऊ शकतं, घाबरू नका पण डॉक्टरांना दाखवाच. आणि हाड फारच पातळ झालं असेल किंवा मोडलं असेल तर छोट्या भोकाचा हट्ट धरू नका, तिथे उघडं ऑपरेशन आणि प्लेटच लागू शकते.

डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा: वाढीची चकती, म्हणजे जिथून हाड लांबीला वाढतं तो भाग, सिस्टपासून किती लांब आहे? मांडीच्या हाडाची साधारण ७०% वाढ गुडघ्याकडच्या टोकाला होते, नडगीचीही निम्म्याहून जास्त, त्यामुळे इथे इजा झाली तर पाय आखूड किंवा वाकडा होऊ शकतो.

आदल्या दिवशी वॉकर आणून घरात चालायची प्रॅक्टिस करून घ्या. भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची आधीच आणा, आमची सगळ्यात जास्त धांदल तिथेच उडाली. भूल द्यायची असते म्हणून आधीचे ६ तास खाणं बंद, पाणी कधीपर्यंत चालेल ते भूलतज्ज्ञांना विचारा. जुने सगळे एक्स-रे बरोबर न्या.

घरी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सोडतात. पॉलिडोकॅनॉलनंतर काही दिवस चांगलंच दुखतं. पण ताप, पू, पोटरी कडक होणं, बोटं बधिर किंवा निळी पडणं, गोळीने न थांबणारी कळ, यातलं काही झालं तर सकाळची वाट न बघता निघा. पायावर वजन कधी टाकायचं हे फक्त सर्जन सांगणार, शेजारी नाही. डॉक्टर हो म्हणाले की गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, पाच सेकंद धरायचा, सोडायचा, हे दिवसातून तीन-चारदा, नाहीतर मांडी लगेच बारीक होते. शाळेत तळमजल्याचा वर्ग मागा, आम्हाला मिळाला.

दुखणं थांबलं की लोक तपासणी सोडतात, ते करू नका. लहान मुलांत सिस्ट परत येण्याचं प्रमाण जास्त, आणि अ‍ॅन्युरिझमल परत आली तर बहुतेक पहिल्या दोन वर्षांतच येते. एक्स-रे दर वेळी त्याच अँगलने काढायला सांगा म्हणजे शेजारी ठेवून बघता येतं. आमच्या मागच्या एक्स-रेमध्ये कडेने पांढरं हाड जाड होताना दिसलं, सायकलला परवानगी मिळाली, फुटबॉलचं डॉक्टर पुढच्या एक्स-रेनंतर ठरवणार आहेत.