मराठी-कन्नड टायपिंगची लिब्रेऑफिस सेटिंग्ज जपून कशी ठेवावीत

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या टायपिंगच्या दुकानांत एकाच संगणकावर सकाळी कन्नड अर्ज होतो आणि दुपारी मराठी लग्नपत्रिका. त्यासाठी बसवलेले फॉन्ट, शॉर्टकट, आपोआप दुरुस्त होणारे शब्द, शब्दकोशात घातलेली गावांची नावे, हे सगळे विंडोज नव्याने टाकले की जाते. लिब्रेऑफिस हा कागदपत्रे लिहिण्याचा मोफत प्रोग्राम, फॉन्ट सोडून, यातली बाकी सारी माहिती ‘युजर’ नावाच्या एका फोल्डरात ठेवतो. तोच जपायचा.

आधी लिब्रेऑफिस पूर्ण बंद करा. घड्याळाशेजारी त्याचे क्विकस्टार्टर (प्रोग्राम लवकर उघडावा म्हणून मागे चालू राहणारा भाग) चालू असेल तर तेही बंद करा. प्रोग्राम चालू असताना केलेली प्रत अर्धवट राहू शकते, शिवाय बरेच बदल बंद होतानाच लिहिले जातात.

मग विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबा. चौकटीत ‘ॲपडेटा’ हा शब्द इंग्रजीत, आधी आणि नंतर टक्क्याचे चिन्ह लावून, मध्ये जागा न सोडता लिहा आणि एंटर दाबा. उघडलेल्या ठिकाणी लिब्रेऑफिस, त्यात ४, त्यात युजर. ४ पाहून गोंधळू नका. पुढच्या आवृत्त्यांतही फोल्डरचे नाव तेच राहिले आहे. अख्खा ‘युजर’ फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या आणि नावात तारीख घाला.

फक्त शॉर्टकट हवे असतील तर टूल्स, कस्टमाइझ, कीबोर्ड इथे ‘सेव्ह’ बटण आहे. त्याने वेगळी फाईल तयार होते. दुसऱ्या संगणकावर तिथल्याच ‘लोड’ने ती घ्यायची.

परत बसवताना नव्या संगणकावर लिब्रेऑफिस एकदा उघडून बंद करा, म्हणजे ‘युजर’ फोल्डर तयार होतो. त्याचे नाव ‘युजर-जुना’ करा, पुसू नका. त्याच जागी आपली प्रत ठेवा, नाव नेमके मूळचेच हवे. नव्या आवृत्तीतली प्रत जुन्या आवृत्तीत घालणे टाळा. प्रोग्राम उघडेना झाला, तर प्रत काढून ‘युजर-जुना’ला मूळ नाव द्या.

सर्वाधिक घोटाळा फॉन्टचा होतो. या फोल्डरात फॉन्टचे फक्त नाव असते, फॉन्ट नसतो. नव्या संगणकावर तो नसेल तर लिब्रेऑफिस दुसरा वापरते, ओळी सरकतात आणि एका पानाची पत्रिका दोन पानांवर जाते. म्हणून फॉन्टच्या फाईलीही सोबत घ्या. दुसरी अडचण सीमाभागाला जास्त जाणवते: देवनागरी आणि कन्नड दोन्ही लिब्रेऑफिसच्या ‘कॉम्प्लेक्स’ लिपी नावाच्या एकाच गटात येतात आणि त्या गटाला आपोआप लागणारा मूळ फॉन्ट एकच ठरवता येतो. ‘मंगल’ ठेवला तर त्यात कन्नड अक्षरे नाहीत. विंडोजमधल्या ‘निर्मला यूआय’मध्ये दोन्ही लिप्या आहेत, त्यामुळे मिश्र कामाला तोच सोयीचा.

विंडोजचे मराठी आणि कन्नड कीबोर्ड वेगळे बसवावे लागतात. फाईली ठेवायला डी ड्राइव्हसारखी जागा स्वतः ठरवली असेल तर लिब्रेऑफिसच्या ऑप्शन्समध्ये ‘पाथ्स’ तपासा.

ही प्रत दुसऱ्याच्या हाती देताना सावध राहा. तिच्यात अलीकडे उघडलेल्या फाईलींची यादी असते, आणि त्या नावांत बहुतेक वेळा गिऱ्हाइकांची नावे असतात.